पाचवं रीळ

२ मार्च १९४८, गोरेगाव

सिनेमा बघणाऱ्या माणसाइतका कृतघ्न प्राणी देवानं दुसरा घडवला नसेल. अख्खा खेळ तोंडाचा आ करून बघतात आणि तंबूतून बाहेर पडता पडता म्हणतात, "चांगला होता, पण..." त्या 'पण'नं माझं रक्त आटतं. यंदा ठरवलंय, गावोगावचे हे 'पण' लिहून काढायचे. म्हणून ही डायरी.

आमचं मशीन मुकं. चाँदपाशा दांडा फिरवतो, मी पडद्याच्या बाजूला उभा राहून गोष्ट सांगतो आणि नारळाच्या करवंट्या वाजवून घोड्यांच्या टापा काढतो. पडद्यावर मधूनमधून इंग्रजी अक्षरं येतात. ती मलाही वाचता येत नाहीत, पण ते कुणाला सांगायचं कारण नाही. सिनेमा अमेरिकेतला, घोडे आणि बंदुकांचा. पांढऱ्या टोपीवाला चांगला, काळ्या टोपीवाला वाईट, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तकलीफ एकच आहे. सहा रिळांतलं पाचवं गेल्या उन्हाळ्यात जळून गेलं. चौथ्याच्या शेवटी काळ्या टोपीवाला आपले स्वार घेऊन एका वस्तीवर चालून निघतो. सहावं लागतं तेव्हा नुसता धूर, रिकामा रस्ता, धुळीत पडलेली एक जुनाट टोपी, आणि माणसं गाड्यांत बसून माळावर लांब चाललेली. मधे काय झालं ते माझ्या तोंडात! चाँदपाशा कोऱ्या पडद्यावर उजेड ठेवतो आणि मी पाचवं रीळ बोलून दाखवतो. शेवटच्या त्या गाड्या म्हणजे पांढऱ्या टोपीवाल्याची वरात, असं सांगून वेळ मारून नेतो.

तंबूला जागा व्यंकटराव मालकांनी दिली. एवढा मोठा जमीनदार, पण स्वतः येऊन खुंटे ठोकताना उभा राहिला.

५ मार्च, गोरेगाव

गोरेगावचे 'पण'. एक दुकानदार म्हणाला, ती बाई फार रडते, तिला एखादं काम द्या. दुसरा म्हणाला, गोळी घालायच्या आधी एवढं टकामका काहून बघत बसतात? एका शेतकऱ्यानं तर मला धरूनच ठेवलं. "मास्तर, घोडं दिवसभर पळून राहिलं. त्याला कुणी पाणी दावलं न्हाई, मूठभर कडबा टाकला न्हाई. असला माणूस चांगला कसा म्हणायचा?" कप्पाळ माझं! उद्यापासून पाचव्या रिळात घोड्याला पाणी पाजतो.

व्यंकटरावांनी चहाला बोलावलं. हा खरा रसिक माणूस. कोणत्या गावात लोक कुठं टाळ्या वाजवतात, काय बोलतात, सगळं खोदून खोदून विचारतात. म्हणाले, "सोनाजी, माणूस शिनेमात जे बोलतो तेच त्याच्या पोटात असतं." केवढं खरं बोलले. पुढच्या गावांचेही 'पण' आणून सांगा म्हणाले.

चाँदपाशाला चहा ओसरीखालीच दिला. त्याचं तोंड तेव्हापासून वाकडं आहे.

९ मार्च, साखरा

वाटेत दोन ठिकाणी कडब्याच्या गंजी जळून काळ्या पडलेल्या दिसल्या. राखेतून अजून वाफ निघत होती. गाडीवानानं बैलांना चाबूक ओढला.

सरकारच्या लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचं, नाव सांगून गावोगाव फिरणारे स्वार अलीकडे या बाजूला फार झालेत. धान्य नेतात, जनावरं नेतात, नाही म्हटलं की पेटवतात. असल्या दिवसांत सिनेमाला कोण येणार, अशी मला धास्ती होती. पण तंबू भरला. भ्यालेला माणूस घरी बसत नाही, चार लोकांत येऊन बसतो, हे मला नव्यानंच कळलं.

साखऱ्याचे 'पण'. नर्मदाबाई नावाच्या म्हातारीनं भर खेळात उभं राहून विचारलं, "आरं, हे लोक पेरतात कवा? एक बी माणूस शेतात दिसना. खातात काय, धूळ?" सगळा तंबू हसला. मग तीच म्हणाली, "अन् वस्तीवर चालून येऊन राह्यलेत हे ठाऊक हाये, तरी सगळे वाट बघत बसलेत. एकट्या टोपीवाल्याच्या भरवशावर? त्याला ताप आला तर?" या वेळी कुणी हसलं नाही.

१४ मार्च, खैरवाडी

अक्काचं गाव. सत्यभामाअक्का माझी थोरली बहीण, मुंजाजी दाजी तिचा नवरा. मेंढरांवर जगणारी वाडी, सगळे आमचेच लोक. लहानपणी मी इथं दाजींबरोबर मेंढरं वळलीत. वाडी खळग्यात आहे. गाडीवाट एकच, ती खिंडीतून येते. उत्तरेचा नाला ओलांडला की निजामाची हद्द संपते आणि वऱ्हाड प्रांत लागतो.

या वाडीवर स्वारांचा दात आहे. दिवाळीनंतर ते एक कळप हाकून घेऊन गेले. संक्रांतीला परत आले तेव्हा वाडीनं गोफणींनी दगड घालून पळवून लावले. जाताना बोलून गेलेत, पुढच्या खेपेला चुलीसुद्धा ठेवणार नाही. अक्का हे सांगताना भाकरी थापत होती, एकदाही थांबली नाही.

खेळाची गंमत सांगतो. दुसऱ्या रिळात क्षणभर मेंढरं दिसतात. सगळी वाडी उठून उभी! कानं बघा, लोकर बघा, ही कुठली जात, पुन्हा दाखवा म्हणून एकच गलका. चाँदपाशानं तीनदा उलटं फिरवून दाखवलं. पांढऱ्या टोपीवाला कुणी पाहिलाच नाही.

मग चौथं रीळ. स्वार निघाले आणि मी करवंट्या वाजवल्या. तंबूत एकदम चिडीचूप. बाया उठल्या. लेकरं काखेला मारून बाहेरच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं खेळ रंगलाय, मी आणखी जोरात वाजवल्या. शेवटी अक्का ओरडली, "सोन्या, ठेव त्या खाली!" मी ठेवल्या.

कोऱ्या पडद्यापुढं मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की पांढऱ्या टोपीवाला एकटा आडवा गेला. मुंजाजी दाजी उठले. "न्हाई जमत. एकटा काय करंल? आरं, वस्तीतली माणसं मेली का? खिंडीत गाड्या आडव्या घाला, चाकं काढून. वर दोन्ही अंगाला गोफणी घेऊन माणसं बसवा. बायांच्या हाती तिखटाची गाडगी द्या. स्वार खिंडीत आले की मागनं बी एक गाडी लोटा. उंदराचा सापळा!" मग काय, प्रत्येकजण सांगायला लागला. कोण कुठं बसणार, इशारा कोण देणार. वीस वर्षं नाटक कंपनीत आणि तंबूत काढली, पण असं पाचवं रीळ मी उभ्या जन्मात ऐकलं नाही!

दाजींचे वडील दगडोबामामा तेवढे गप्प होते. खेळ संपल्यावर म्हणाले, "समदं ठीक. पर ती टोपी कुणाची, ते तू कुठंच सांगत न्हाईस." मी म्हटलं, मामा, तुम्हीच सांगा. "मागं राह्यला त्याची. चांगल्या गोष्टीत एक जण मागं ऱ्हातो. न्हाईतर ती गोष्ट कसली, बाजार उठला म्हणायचा."

१५ मार्च, खैरवाडी

निघताना अक्कानं भाकरी बांधून दिली. म्हणाली, "सोन्या, वऱ्हाडात तंबू लाव ना काही दिवस. तिकडं शांत हाये म्हणतात." मी म्हटलं, तूच चल की. तर म्हणाली, "यांना सांगून बघ. पळायचं नाव काढलं की अंगावर येतात. अन् मामा म्हणतात, मेंढरू बी आपला वाडा सोडत न्हाई." लेकराचं नाक पुसून आत गेली. बाहेर दाजी आणि चार माणसं गाड्यांची चाकं काढून पुन्हा बसवून बघत होती. सिनेमाचं केवढं वेड लागलंय लोकांना!

१९ मार्च, गोरेगाव

आज व्यंकटरावांना खैरवाडीचं पाचवं रीळ करून दाखवलं. त्यांच्या ओसरीवर पाट, तांबे मांडून खिंड केली, सुपारीच्या खांडांचे स्वार केले. मालक चहा प्यायचा विसरले. "वा सोनाजी! हे तुमच्या डोक्यातलं?" मी खोटं कशाला बोलू? दुसऱ्याची कला आपली म्हणून सांगणाऱ्यांतला मी नाही. म्हटलं, आमच्या मुंजाजी दाजींचं आहे, सगळ्या वाडीचं आहे.

मग मालकांनी नेमकी चूक काढली. खऱ्या रसिकाची नजर! म्हणाले, "पण स्वार खिंडीतूनच येतील कशावरून? मागून वाट नसंल का?" मी म्हटलं, मेंढरांची पायवाट आहे तळ्याच्या अंगानं, पण ती परक्याला दिसत नाही, बाभळीत झाकलीय. त्यांनी पाटामागं एक तांब्या ठेवला. "हे तळं?" मी तांब्या जरा डावीकडं सरकवला.

बिऱ्हाडी आलो तर चाँदपाशा भडकलेला. "मास्तर, जबान को लगाम है क्या नहीं? हर बात उस मालक को कायकू बोलते?" मी म्हटलं, तुला ओसरीवर घेत नाहीत म्हणून जळतोस तू. तो कंदिलाची काच पुसत बसला, स्वच्छ होती तरी पुसत बसला.

२५ मार्च, गोरेगाव

होळी झाली. यंदा पोरांनी बोंबासुद्धा हळू मारल्या.

मालकांच्या आमराईत घोडी बांधलीत. चांगली तगडी जनावरं आहेत. मालक म्हणाले, व्यापारी पाहुणे आहेत, विकायला आणलीत. मी म्हटलं, एखादं घोडं तंबूच्या दारात बांधायला मिळालं तर जाहिरात झकास होईल. मालक हसले. बाजाराच्या दिवशीच्या खेळाला पाहुणेही येतील म्हणाले.

चाँदपाशा पाणी आणायला आमराईकडून गेला होता. परत आला तो हंडा अर्धा सांडून. पाहुण्यांनी त्याला विचारलं म्हणे, तू आमच्यात का नाही? तो म्हणाला, मैं दांडा घुमानेवाला आदमी हूँ. घोड्यांचा व्यापार आणि चाँदपाशाचा संबंध काय ते मला कळलं नाही. तो जेवला नाही.

२९ मार्च, गोरेगाव

मालकांच्या ओसरीवर बसलोय. दारात त्यांचा माणूस हिरासिंग. खेळाचं टिपण करतो असं सांगून डायरी मागून घेतली. हिरासिंगाला वाचता येत नाही.

आज बाजार, म्हणून खैरवाडीचे लोक आले होते. अक्का, दाजी, दगडोबामामा, सगळे पडद्याजवळ जमिनीवर बसले. मागं खुर्च्यांवर मालक आणि ते घोड्यांचे पाहुणे. आजवर मालकांनी एकही पाचवं रीळ चुकवलं नाही. त्याच्यासाठीच येतो म्हणायचे. आज चौथं संपलं, स्वार वस्तीवर निघाले, आणि मालक उठले. पाहुणेही उठले. जाताना एकजण माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "ये तो हमको मालूम है."

पडदा कोरा झाला. मी उभा. आणि मला तो पाट दिसला, पाटामागचा तांब्या दिसला, तो सरकवणारा माझा हात दिसला. आई गं! घोडी विकायला आणली नव्हती. मीच अक्काच्या दाराची कडी काढून दिली होती.

तंबूच्या दोन्ही तोंडांना मालकांची माणसं उभी होती. त्यांच्यादेखत दाजींना बाजूला घेणं शक्य नव्हतं. बोलायला परवानगी होती ती फक्त सिनेमा. मग मी सिनेमाच सांगितला.

सांगितलं की, काळ्या टोपीवाल्याला खिंडीतला सापळा कळलाय. एका मूर्ख भाटानं फुशारकीत बोलून टाकलं. आता स्वार खिंडीतून येत नाहीत, मागून पाण्याच्या अंगानं येतात. वस्तीतल्या शहाण्या बाईला हे कळतं. ती म्हणते, लढायचं नाही. लेकरं घ्या, जनावरं घ्या, हद्द ओलांडा.

"ए सोनाजी!" दाजी उठलेच. "हे काय सांगून राह्यला? परवा तर..." अक्कानं त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. दाजी बसले, पण चिडून बोलले, "पळपुट्यांचा शिनेमा! असला बघायला आलो का आमी?" बाकीचेही ओरडले, बेकार, जुनंच सांग. मी बोलतच राहिलो. माझा आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटत होता.

चाँदपाशा सहावं रीळ चढवून थांबला होता. त्यात सुरुवातीलाच धूर आहे, आणि ती टोपी. मी ते जुळवायचं विसरलो होतो. तेवढ्यात मामांनी विचारलं, अगदी सावकाश, "मंग धूर कसला? अन् टोपी कुणाची?"

मामांना काय आवडतं ते मला ठाऊक होतं. तेच तोंडातून गेलं. म्हटलं, एक म्हातारा मागं राहिला. त्यानं दिवेलागणीला घरोघर चुली पेटवल्या. धूर बघून स्वारांना वाटलं वस्ती घरात आहे, म्हणून ते अंधाराची वाट बघत झाडीत दबून राहिले. तेवढ्या वेळात माणसं लांब गेली. टोपी त्या म्हाताऱ्याची.

मामांनी मान हलवली. "आत्ता जमलं," म्हणाले.

मग गाड्या माळावरून गेल्या. पहिल्यांदाच मला वरातीचं खोटं सांगावं लागलं नाही. पण कुणी टाळी वाजवली नाही.

खेळ सुटताच हिरासिंग आला. मालकांनी जेवायला बोलावलंय म्हणाला आणि माझा दंड धरला.

३० मार्च

अजून ओसरीवरच. जेवायला वेळेवर देतात. मालक म्हणाले, "दोन दिवस आराम करा मास्तर, बाहेर दिवस बरे न्हाईत." त्यांना माझी गोष्ट कुणी सांगितली नसावी. सांगितली असली तरी दारावरच्या माणसांना ती बेकारच वाटली असणार.

अक्कानं दाजींना खाली ओढलं, ते कळलं म्हणून की लाज वाटली म्हणून? दिवसभर हेच डोक्यात. आजवर गावोगाव लोकांना विचारत फिरलो, खेळ कसा वाटला. आज एकाच बाईला विचारायचंय आणि विचारता येत नाही.

३१ मार्च

दुपार कलल्यावर आमराई रिकामी झाली. टापा ऐकल्या. माझ्या करवंट्यांचा आवाज त्याच्या पासंगाला पुरत नाही.

हिरासिंगाला हाता-पाया पडून वाड्याच्या माळवदावर चढलो. दिवेलागणीला खैरवाडीच्या अंगाला धूर दिसला. काळा नाही, निळसर, बारीक, चुलींचा. एका ठिकाणी, मग दुसऱ्या, मग चार-पाच ठिकाणी. रोजच्यासारखे स्वयंपाक लागलेत! म्हणजे कुणी गेलं नाही. कुणाला काही कळलं नाही. दाजी खिंडीकडं तोंड करून बसले असतील आणि अक्का भाकरी थापत असेल. देवा, मी एवढा बोलका माणूस, आणि एकदा खरं बोलायची वेळ आली तर माझ्या बहिणीलाही कळू नये?

अंधार पडला तेव्हा तिकडं आभाळ लाल झालं. हिरासिंगसुद्धा माझ्याकडं बघेना.

४ एप्रिल, वऱ्हाड

परवा पहाटे चाँदपाशा ओसरीवर आला आणि नाकाला फडकं लावून ओरडला, "मास्तर को पटकी हुई, दूर हटो!" हिरासिंग अंगणापार पळाला. चाँदपाशानं मला घोंगडीत गुंडाळून गाडीत टाकलं. रस्ताभर मला कण्हायला लावलं. मशीन, तंबू, रिळं तिथंच राहिली. सहा वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं मशीन होतं ते त्याचं. मी म्हटलं, चाँदपाशा, मी तुला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "हौ मास्तर, बोले. अब कण्हो."

नाल्यापलीकडं दोन कोसांवर एका आमराईत मेंढरं दिसली. कानांवरून ओळखली. मग अक्का दिसली, कडेवर लेकरू, चूल मांडून बसलेली. मी गाडीतून पडलोच. सगळी वाडी होती. सगळी!

दाजी पाठ करून बसले होते. अक्का म्हणाली, "त्या दिशी घरी पोचेपर्यंत माझ्यावर तणतणत होते. मी सांगितलं, माझा भाऊ खोटं सांगंल, थापा मारंल, पर लोकांना न आवडणारं कवाच सांगत न्हाई. आज सांगितलंय तर कायतरी हाये. मामांनी बी मलाच साथ दिली. मंग निघालो."

मी म्हटलं, पण अक्का, मी धूर पाहिला गं. चुलींचा. मला वाटलं तुम्ही घरीच आहात. मामा कुठं आहेत?

तिनं भाकरी उलटली. दाजी उठून मेंढरांकडं गेले.

"आमी लई ओढलं त्यांना," अक्का म्हणाली. "हात सोडवून घेतला. म्हणले, सोनाजीनं बराबर सांगितलंय. कुणीतरी राह्यलंच पाहिजे, न्हाईतर धूर कुठून येणार?"

काल दाजी लपत जाऊन आले. तळ्याच्या वाटेवर मामांचा पटका सापडला, तो त्यांनी आणलाय. अक्कानं तो धुऊन बाभळीवर वाळत घातला होता. तिनं माझ्या हातात भाकरी दिली. "खा," म्हणाली.

मी ती हातात घेऊन बसून राहिलो.